बर्फ, वारा आणि एमली मूरचा मनोरा : ‘कारण’ शोधायचं म्हणजे नेमकं काय शोधायचं?

‘बर्फाच्या ओझ्यानं मनोरा कोसळला.’

हे वाक्य वाचून बहुतेकांना काहीच खटकत नाही. मनोरा होता, त्यावर बर्फ साचलं, ओझं झालं, पडला. संशोधनाला नुकतीच सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाच्या पहिल्या कच्च्या मसुद्यात अशी वाक्यं असतात. कर्ता आहे, क्रियापद आहे, मध्ये एक ‘मुळे’ आहे. आज आपण या ‘मुळे’चाच इतिहास बघणार आहोत. त्यासाठी इंग्लंडमधल्या एका खेड्याबाहेरच्या टीव्ही मनोऱ्याची गोष्ट घेऊ. हा मनोरा १९६९ साली पडला, आणि तो का पडला याचं कायदेशीर उत्तर पूर्ण व्हायला १९८० साल उजाडलं.

मी मूळचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्यामुळे मध्ये थोडं गणित येईल, पण बारावीचं विज्ञान आठवत असेल तर अडचण येणार नाही. इतिहास, समाजशास्त्र किंवा कायदा हा विषय असलेल्यांनी आकडे सोडून वाचलं तरी मुद्दा हाती लागेल.

माळरानावर मनोरा कशाला?

यॉर्कशायर हा उत्तर इंग्लंडमधला परगणा. लोकरीच्या गिरण्या, कोळशाच्या खाणी, लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, वेकफील्ड अशी एकमेकांना लागून असलेली गावं, आणि त्यांच्यामध्ये उघडेबोडके, वाऱ्याचे माळ. अशा माळाला तिकडे ‘मूर’ म्हणतात. हडर्सफील्डच्या पूर्वेला एमली नावाचं खेडं आहे, त्याच्या शेजारचा माळ म्हणजे एमली मूर. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंच. आसपास शेतं, दगडी कुंपणं, थोडी घरं.

ब्रिटनमध्ये १९५५ साली जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी सुरू झाली. बीबीसी होतीच, आता तिच्याशी स्पर्धा करणारी आयटीव्ही आली. तिची देखरेख आणि प्रक्षेपण केंद्रं इंडिपेंडंट टेलिव्हिजन ऑथॉरिटी या सरकारी प्राधिकरणाकडे होती. पुढे आपण तिला आयटीए म्हणू. पेनाइन डोंगररांगेच्या पूर्वेकडच्या गिरणीगावांपर्यंत आयटीव्ही पोचवायला आयटीएनं १९५६ साली एमली मूरवर १३५ मीटर उंचीचा जाळीदार पोलादी मनोरा उभा केला.

मनोरा उंच कशाला लागतो? टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीचा गोलावा आड येतो. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा का बांधला, याचं उत्तरही तेच. वातावरणामुळे लहरी किंचित वाकतात हे धरून एक ढोबळ सूत्र वापरतात : मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ नं गुणा, म्हणजे क्षितिजापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. १३५ मीटरसाठी ते सुमारे ४८ किलोमीटर येतं आणि ३८५ मीटरसाठी सुमारे ८१. मधले डोंगर आणि माळाची स्वतःची उंची यात धरलेली नाही.

१९६० च्या दशकात ही गरज आणखी वाढली. एप्रिल १९६४ मध्ये बीबीसी टू वाहिनी सुरू झाली, ती यूएचएफ पट्ट्यात. रंगीत चित्रंही याच पट्ट्यात येणार होती. यूएचएफ लहरींची लांबी कमी असते, त्या टेकडीच्या कडेवरून फारशा वाकत नाहीत. म्हणजे टेकडीमागची वस्ती कोरडीच राहते. यॉर्कशायरमध्ये टेकडीमागेच वस्ती जास्त. म्हणून नव्या मनोऱ्याची उंची ठरली १२६५ फूट, म्हणजे सुमारे ३८५ मीटर. पाच कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी हा थोडा उरेलच.

तंबूचा खांब आणि दीपमाळ

इथे शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा. आपण मराठीत दोन्हींना ‘मनोरा’ म्हणतो, पण अभियंते दोन प्रकार वेगळे मानतात. एक स्वतःच्या पायावर उभा असतो, देवळापुढच्या दीपमाळेसारखा. दुसरा तंबूच्या खांबासारखा : खांब सडपातळ, आणि चहूबाजूंनी ताणलेल्या दोरांनी तोल सांभाळलेला. उंची तेवढीच हवी असेल तर दुसरा प्रकार खूप कमी पोलादात उभा राहतो. एमली मूरचा हा दुसरा मनोरा तंबूच्या खांबाच्या जातीचा होता. पोलादी दोर शेतांवरून आणि रस्त्यांवरून जाऊन दूरवर जमिनीत अडकवलेले होते.

त्यात नवीन काय होतं? खांब जाळीचा नव्हता. खालचा सुमारे २७५ मीटरचा भाग म्हणजे पोलादी पत्र्याची गोल नळी होती, व्यास सुमारे पावणेतीन मीटर. त्याच्या वर जाळीचा भाग, त्यावर अँटेना. नळीचे फायदे उघड होते. देखभालीचा माणूस पाऊसवाऱ्यापासून सुरक्षित राहून आतूनच वर जाऊ शकतो. शिवाय जाळीच्या शेकडो पट्ट्यांपेक्षा गुळगुळीत गोल नळीला वारा कमी अडतो. लिंकनशायरमधल्या बेलमाँटला अगदी असाच मनोरा झाला आणि लँकेशायरमधल्या विंटर हिलला याचंच थोडं बुटकं भावंड.

काम कोणाकडे होतं हे लक्षात ठेवा, कारण पुढे कोर्टात ते महत्त्वाचं ठरतं. आयटीएनं मुख्य कंत्राट ईएमआय इलेक्ट्रॉनिक्सला दिलं. मनोऱ्याचा आराखडा आणि उभारणी मात्र बीआयसीसी या उपकंत्राटदार कंपनीची. बांधकाम १९६४ ला सुरू होऊन १९६६ ला संपलं.

मनोरा उभा राहिला आणि गावकऱ्यांना हिवाळ्यात एक नवा त्रास सुरू झाला. मूरवरच्या दमट, गोठलेल्या हवेत मनोऱ्यावर आणि दोरांवर बर्फाचे जाड थर चढत. ऊब आली की तेच थर सुटून खाली कोसळत. दोर रस्त्यांवरून गेलेले, म्हणजे बर्फही रस्त्यावर. धोक्याच्या पाट्या लावल्या गेल्या, पिवळे लुकलुकणारे दिवे बसले. बर्फ ही नेहमीची गोष्ट झाली होती, हे इथे नोंदवून ठेवू.

१९ मार्च १९६९

त्या दिवशी केंद्रात ड्यूटीवर असलेल्या अभियंत्यांनी लिहिलेली नोंदवही आज इतिहासाचं साधन झाली आहे. इतिहासाची पद्धत शिकणाऱ्यांनी अशा नोंदी मुद्दाम वाचाव्यात. दिवसपाळीची नोंद सांगते : मनोऱ्यावरून आणि दोरांवरून बर्फ पडायला लागलं आहे, स्थानिक प्रशासनानं जवळचे रस्ते तात्पुरते बंद केले आहेत, रस्ते सुरक्षित झाले की त्यांना कळवा. त्याच पानावर एका मॉनिटरची तक्रार आहे. पंख्यात धूळ भरल्यानं तो तापत होता, पंखा साफ केला, मोटरला तेल दिलं.

मग संध्याकाळची पाळी. १२६५ फुटी मनोरा १७ वाजून १ मिनिट ४५ सेकंदांनी जॅगर लेनवर आडवा पडला. पोलिसांना आणि मुख्यालयाला कळवलं. मनोऱ्याच्या वीजपुरवठ्याचे फ्यूज काढले, स्विच बंद करून कुलूप लावलं, प्रक्षेपक बंद केले.

एवढंच. आश्चर्य नाही, भीती नाही, आणि मुख्य म्हणजे कारण नाही. पंख्यातली धूळ आणि ३८५ मीटरचा मनोरा, दोन्ही एकाच कोरड्या सुरात. नोंदवही ‘काय झालं, कधी झालं, आम्ही काय केलं’ एवढंच सांगते. पण सेकंदापर्यंतची वेळ आणि रस्ते आधीच बंद होते ही माहिती नंतरच्या कुठल्याही सुरस वर्णनापेक्षा मोलाची आहे.

पडताना एका पोलादी दोरानं जवळच्या मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थनाघराचं छप्पर चिरलं. रस्त्यावर आणि शेतात वाकलेल्या पोलादाचा ढीग झाला. कोणीही जखमी झालं नाही. रस्ते बंद नसते तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

लाखो घरांतले पडदे मात्र काळे झाले. यॉर्कशायर टेलिव्हिजन ही आयटीव्हीची नवी कंपनी जुलै १९६८ मध्ये सुरू झाली होती, तिला आठ महिनेही झाले नव्हते. बीबीसी टूचं प्रक्षेपणही याच मनोऱ्यावरून होतं. बीबीसी वनच्या लहरी होम मॉस या दुसऱ्या माळावरून येत होत्या, म्हणून ती वाहिनी चालू राहिली. बीबीसी टू दोन दिवसांत परतली. आयटीएकडे अडीअडचणीसाठी ठेवलेला २०० फुटी घडीचा मनोरा होता, तो आणून चार दिवसांत निदान काही भागात आयटीव्ही दिसायला लागली. महिन्याभरात सुमारे २०० मीटरचा तात्पुरता मनोरा उभा राहिला. कोसळलेल्या मनोऱ्याचा एक तुकडा पुढे हडर्सफील्डच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबनं तलावाकाठी टेहळणीसाठी वापरला!

मंद वाऱ्याचा प्रश्न

आता ‘मुळे’कडे येऊ. पहिलं उत्तर सगळ्यांच्याच तोंडी होतं : बर्फ. दिसत होतं, खाली पडत होतं, वर्षानुवर्षं त्याचीच भीती होती. त्याच्या जोडीला ‘सोसाट्याचा वारा’ असंही म्हटलं गेलं.

चौकशी समितीनं मात्र बोट ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीवर. वाऱ्याचा वेग कमी आणि स्थिर असताना निर्माण होणाऱ्या आंदोलनांवर. कमी वेग! सामान्य समजुतीच्या अगदी उलट. जोरदार वाऱ्यात टिकलेला मनोरा मंद वाऱ्यात कसा पडेल?

नदीच्या पात्रात काठी उभी धरा. काठीच्या मागे पाण्याचे भोवरे सुटताना दिसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आळीपाळीनं. हवेत गोल नळी उभी असली की तेच होतं. प्रत्येक भोवरा सुटताना नळीला वाऱ्याच्या दिशेनं नव्हे तर आडव्या दिशेनं हलका हिसका देतो. एकदा इकडे, एकदा तिकडे. हे हिसके दर सेकंदाला किती, याचं ढोबळ सूत्र सोपं आहे : ०.२ गुणिले वाऱ्याचा वेग, भागिले नळीचा व्यास. या ०.२ ला स्ट्रौहाल अंक म्हणतात. एकोणिसाव्या शतकातले चेक भौतिकशास्त्रज्ञ विन्सेंझ स्ट्रौहाल यांचं हे नाव.

आपल्या नळीसाठी हिशेब करू. वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, सायकलच्या वेगाचा. व्यास २.७५ मीटर. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ०.३६, म्हणजे पावणेतीन सेकंदांत हिसक्यांची एक फेरी. उंच, सडपातळ बांधकामं स्वतः ज्या संथ गतीनं डुलतात, तीही काही सेकंदांच्याच घरातली. झोक्यावरच्या मुलाला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी नुसतं बोट लावलं तरी झोका चढत जातो. ताल जुळला की छोटे हिसके साठत जातात. हा अनुनाद.

यासाठी वारा स्थिर हवा. वादळात वेग आणि दिशा सतत बदलतात, ताल जुळेपर्यंत मोडतो. एकसारखा मंद वारा तो मोडत नाही. जाळीच्या मनोऱ्यात शेकडो पट्ट्या आपापले छोटे भोवरे सोडतात, त्यांचा एकमेकांशी मेळ नसतो. शेकडो मीटर एकाच व्यासाची गुळगुळीत नळी मात्र सगळीकडे एकाच तालात भोवरे सोडू शकते. ज्या गुळगुळीतपणामुळे वारा कमी अडत होता, त्यानंच हा धोका आणला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्ती : तो ०.२ हा अंक कायमचा नाही. प्रयोगशाळेतल्या बारीक नळ्यांवर तो चांगला लागू पडतो. पावणेतीन मीटर व्यासाच्या नळीभोवती हवेच्या प्रवाहाची जातच बदलायला लागते आणि अंकही हलतो. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं सूत्र बरोबर असूनही ते आपल्या वस्तूला लागू आहे का, हा प्रश्न उरतोच.

दोन धोके, सुटे सुटे

मग बर्फ निर्दोष सुटलं का? नाही. दोरांवर बर्फ चढतं ते सगळीकडे सारखं चढत नाही, आणि सुटतं तेही सारखं सुटत नाही. एका बाजूचे दोर जड आणि दुसऱ्या बाजूचे हलके राहिले की ओढ असमान होते आणि खांबात कायमचा ताण येतो. हा ताण स्थिर असतो. त्यावर भोवऱ्यांच्या आंदोलनांचा येणारा-जाणारा ताण चढतो. दोन्हींची बेरीज पोलादाच्या सहनशक्तीपलीकडे गेली. पुढे न्यायालयासमोर पडण्याचं जे चित्र मान्य झालं ते हे : भोवऱ्यांची आंदोलनं आणि दोरांवरचं असमान बर्फ, एकाच वेळी.

आता बघा, ‘बर्फामुळे पडला’ हे वाक्य खोटं नाही. ‘वाऱ्यामुळे पडला’ हेही खोटं नाही. दोन्ही अपुरी आहेत. आणि गंमत अशी, की दोन्ही धोके त्या काळच्या अभियंत्यांना नवे नव्हते. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल १९४० साली वाऱ्यात हेलकावे खाऊन पडला, त्याची फिल्म जगभर दाखवली गेली होती. तिथली यंत्रणा साध्या भोवऱ्यांपेक्षा वेगळी होती, पण वारा बांधकामाला डोलवून पाडू शकतो हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बर्फ तर रोजचंच. दोन्ही एकत्र आले तर, हा प्रश्न शेवटपर्यंत विचारला गेला नाही.

याच परगण्यातलं आणखी एक उदाहरण घेतलं की हा मुद्दा पक्का होतो. एमली मूरपासून तीस किलोमीटरच्या आत फेरीब्रिजचं औष्णिक वीज केंद्र होतं. तिथे सुमारे ११५ मीटर उंचीचे आठ शीतन मनोरे, म्हणजे कूलिंग टॉवर, उभे होते. १ नोव्हेंबर १९६५ रोजी जोरदार वाऱ्यात त्यातले तीन कोसळले आणि बाकीच्यांना तडे गेले. तपासात दिसलं की आराखड्यात वाऱ्याचा मिनिटभराचा सरासरी वेग धरला होता, क्षणिक झोत नाही. शिवाय विचार एकट्या मनोऱ्याचा झाला होता. आठ मनोरे गटानं उभे केल्यावर पुढच्यांमधून वळून आलेला खवळलेला वारा मागच्यांवर आदळतो, हे सुटलं होतं. पडले ते मागच्या रांगेतलेच.

तेव्हा एमली मूरचं बांधकाम चालू होतं. दोन्ही अपघातांचं भौतिकशास्त्र वेगळं आहे, त्यांना एकाच माळेत ओवायचा मोह टाळायला हवा. विचारपद्धतीतली फट मात्र एकाच जातीची आहे. प्रत्येक घटक सुटा तपासला, प्रत्येक सुरक्षित निघाला, आणि घटकांच्या आपापसातल्या व्यवहाराकडे पाहायचं राहिलं. संख्याशास्त्र शिकलेले याला ‘इंटरॅक्शन’ म्हणतील. क आणि ख यांचे वेगवेगळे परिणाम मोजले म्हणजे ‘क-ख एकत्र’ मोजलं असं होत नाही.

कोर्टाचा प्रश्न वेगळा

आयटीएचं नाव १९७२ साली इंडिपेंडंट ब्रॉडकास्टिंग ऑथॉरिटी झालं. तिनं ईएमआय आणि बीआयसीसी या दोघांवर दावा लावला. तो चढत चढत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, त्या काळचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय. निकाल १९८० चा. बांधकाम कायदा शिकणारे आजही तो अभ्यासतात.

कोर्टाला भोवऱ्यांचं गणित सोडवायचं नव्हतं. त्याच्यापुढचा प्रश्न होता : जबाबदारी कोणाची? ईएमआयचं म्हणणं, आराखडा आमचा नाहीच, तो उपकंत्राटदाराचा. कोर्टानं ते मानलं नाही. मुख्य कंत्राट घेतलंत, तर आराखड्याचीही करारानं येणारी जबाबदारी तुमची. आणि आराखड्यात पुरेशी काळजी न घेतल्याचा, म्हणजे निष्काळजीपणाचा ठपका बीआयसीसीवर आला.

पुराव्यात एक पत्र होतं, नोव्हेंबर १९६४ मधलं. मनोरा वाऱ्यात धोकादायक हेलकावे तर खाणार नाही ना, अशी शंका आली असताना बीआयसीसीनं लिहून कळवलं होतं की धोकादायक आंदोलनं होणार नाहीत याबद्दल आमची पूर्ण खात्री आहे. म्हणजे प्रश्न विचारला गेला होता! त्याला उत्तरही मिळालं होतं. पण त्या खात्रीमागे पुरेसा तपास नव्हता. लॉर्ड्सनी ते पत्र करारातली हमी म्हणून धरलं नाही. मात्र असं आश्वासन देताना घ्यायला हवी ती काळजी घेतली गेली नव्हती, असं ठरलं.

बचावाचा खरा मुद्दा होता नवेपणाचा. असा मनोरा आधी कोणी बांधला नव्हता, अनुभव नव्हता, सल्ला द्यायला तज्ज्ञ नव्हते. मग चूक कशी म्हणता? लॉर्ड एडमंड-डेव्हिस यांनी त्याला दिलेलं उत्तर मला संशोधकांसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : बीआयसीसीपुढचं काम अवघड होतं, हे मान्य. पण अनुभव नसणं ही सूट नाही. उलट अनुभव नाही म्हणूनच प्रश्न आधी ओळखण्याची, शेवटपर्यंत विचार करण्याची आणि आपण किती अज्ञातात पाऊल टाकतोय हे मोजण्याची जबाबदारी जास्त. ते मोजून मगच पुढे जायचं की नाही ते ठरवायचं. नव्या वाटेनं जाणाऱ्यांनीही सावधपणे चालावं अशी कायद्याची अपेक्षा आहे.

उभ्या असलेल्या मनोऱ्यांचं काय केलं?

समितीचा निष्कर्ष बरोबर होता की नाही, हे तपासायची एक जागा आपोआप तयार होती. बेलमाँट आणि विंटर हिल इथे तशाच नळ्या उभ्या होत्या. त्या पाडल्या नाहीत. त्यांच्या आत पोलादी साखळ्या लोंबकळत सोडल्या, एकूण सुमारे १५० टनांच्या, आणि इतरही काही बदल केले.

साखळ्या कशाला? नळी डुलायला लागली की साखळ्या आत हेलकावतात, नळीवर आदळतात, घासतात. नळीच्या हालचालीतली ऊर्जा त्यात खर्च होते. ताल चढण्याआधीच मोडतो. अभियंते याला डॅम्पिंग म्हणतात. मनोरा जास्त बळकट न करता, फक्त तो जास्त वेळ डुलणार नाही अशी सोय केली. उपाय इतका साधा होता, कारण प्रश्न आता नेमका कळला होता. ‘बर्फामुळे’ एवढ्यावर थांबले असते तर कदाचित दोर जाड केले असते. दोन्ही मनोरे नंतर पडले नाहीत. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर २०१० साली बेलमाँटचा मनोरा गरजेप्रमाणे थोडा उतरवला गेला, पण तो उभाच आहे.

एमली मूरवर मात्र आयटीएनं तंबूच्या खांबाचा नाद सोडला आणि दीपमाळ बांधली. काँक्रीटचा, स्वतःच्या पायावर उभा, खाली रुंद आणि वर निमुळता होत जाणारा मनोरा. अभियंते होते ओव्ह अरूप यांची संस्था. काँक्रीटचा भाग सुमारे २७५ मीटर, त्यावर सुमारे ५५ मीटरची पोलादी जाळी, एकूण ३३० मीटर. आधीच्या मनोऱ्यापेक्षा पन्नासेक मीटर बुटका, पण वजन सुमारे अकरा हजार टन. निमुळतेपणाचा एक फायदा आता तुम्हीच सांगू शकाल : दर उंचीवर व्यास वेगळा, म्हणून भोवऱ्यांचा ताल वेगळा, सगळा मनोरा एका सुरात डुलत नाही. जानेवारी १९७१ मध्ये यूएचएफ प्रक्षेपण सुरू झालं. वरच्या खोलीपर्यंत लिफ्टनं जायला सुमारे सात मिनिटं लागतात. टीव्हीबरोबर डिजिटल रेडिओही तिथून जातो. लंडनच्या शार्ड इमारतीपेक्षाही हा उंच आहे. आधाराच्या दोरांशिवाय उभी असलेली ब्रिटनमधली सर्वांत उंच वास्तू अजूनही हीच, मेंढ्यांच्या कुरणांमध्ये. २००२ साली तिला वारसा वास्तू म्हणून संरक्षणही मिळालं.

तीन कागद, तीन ‘कारणं’

आता तुमच्या कामाकडे. या एका घटनेबद्दल आपण तीन प्रकारची साधनं पाहिली, आणि तिन्हींनी वेगळा प्रश्न विचारला.

नोंदवही विचारते, काय घडलं आणि आम्ही काय केलं. चौकशी समिती विचारते, कोणत्या भौतिक प्रक्रियेनं पडला आणि बाकीचे कसे वाचवायचे. न्यायालय विचारतं, कोणाला काय कळायला हवं होतं. तिघांच्या ‘कारणा’त फरक दिसला म्हणून एक खरा आणि बाकी खोटे, असं ठरवायला धावू नका. आधी बघा, प्रत्येक जण कोणत्या प्रश्नाला उत्तर देतोय. समितीचा भर वाऱ्याच्या आंदोलनांवर राहिला तर ते समजण्यासारखं आहे, त्यांना बेलमाँट वाचवायचा होता. कोर्टानं पत्रांचा कीस काढला, कारण त्याला काळजीची मोजणी करायची होती. अभियंत्याच्या नोंदीत कारण नाही हा तिचा दोष नव्हे, गुण आहे. पाच वाजून एक मिनिटाला कारण कोणालाच माहीत नव्हतं.

मौखिक इतिहासाची मुलाखत असो, सरकारी अहवाल असो की प्रयोगशाळेची वही, हे कोष्टक कुठेही करता येतं. एका रकान्यात साधन, दुसऱ्यात त्याचा प्रश्न, तिसऱ्यात त्याचं उत्तर. दुसरा रकाना सोडून पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी मारली की गोंधळ सुरू होतो.

दुसरी गोष्ट प्रयोगवाल्यांसाठी. तुमच्या प्रस्तावातल्या गृहीतकांची यादी काढा. प्रत्येकापुढे ‘तपासलं’ अशी खूण असेलच. आता त्याच यादीतल्या दोन-दोनच्या जोड्या करा. दहा गृहीतकं असतील तर पंचेचाळीस जोड्या होतात. सगळ्या तपासणं शक्य नसतं, गरजही नसते. पण यातल्या कोणत्या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच नमुन्यावर घडू शकतात, एवढं विचारायला संध्याकाळ पुरते. एमली मूरवर बर्फ आणि मंद वारा एकाच दिवशी येणं हे काही अघटित नव्हतं. मार्चमधल्या यॉर्कशायरचं ते साधं हवामान आहे.

आणि तिसरी गोष्ट त्या पत्राबद्दल. गाईड, परीक्षक किंवा सहकारी ‘हे होणार नाही ना?’ असं विचारतात तेव्हा आपल्यालाही ‘नाही, नाही, खात्री आहे’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. त्या वेळी दोन वाक्यं लिहायची सवय लावा : ही खात्री मी कशावरून देतोय, आणि कोणती परिस्थिती मी तपासलेली नाही. दुसरं वाक्य लिहायला जड जातं, पण नवं काम करणाऱ्यानं ते लिहिलंच पाहिजे.

प्रस्ताव जमा करायच्या आधी त्यातलं प्रत्येक ‘मुळे’ शोधून त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. जिथे एकाच्या जागी दोन कारणं एकत्र यायला हवी होती असं वाटेल, तिथे थांबा. तुमचं संशोधन बहुधा तिथूनच सुरू होणार आहे.